दाराची भिंतीकडची बाजू

२७ सप्टेंबर, शुक्रवार

पत्ता तीनदा वाचला. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला. आपलाच! रस्ता आपला, इमारत आपली, तळमजला, पहिला गाळा. विषय — सीलबंद बाटल्यांतून दारूविक्रीचा नवीन परवाना मिळणेबाबत.

बावीस वर्षं परवाना विभागात काढली. शेकड्यांनी अर्ज हाताखालून गेले. प्रत्येक दुकानाच्या वर कुणीतरी राहत असणार, हे इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नाही. आज आलं, तेही आपल्यावर बेतलं तेव्हा.

गाळा वर्षभर बंद होता. शिंपी सोडून गेला तेव्हापासून कुलूप. मला वाटायचं, कुणी न्हावी येईल, नाहीतर औषधवाला. आणि बरोबर त्या गाळ्याच्या डोक्यावर आमचा धाकटा भाऊ बसतो. खिडकीशी टेबल, डोळ्याला भिंग, चिमट्यात घड्याळाचं मुंगीएवढं चाक. चार वर्षं दोन महिने झाले, थेंब घेतलेला नाही. एकेकाळी त्याच्या हातात चहाचा कप टिकत नव्हता. लोकांची घड्याळं हातून पडायची, आणि मी ऑफिस सुटल्यावर घरोघर जाऊन माफी मागायची.

कसं जमवतोस रे, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. घड्याळजीच तो, मिनिटांत बोलला. "सगळ्यात जवळचं दुकान अकरा मिनिटांवर आहे, ताई. अकरा मिनिटांत माणूस परत फिरू शकतो. मी किती वेळा फिरलोय ते विचारू नकोस."

आता सतरा पायऱ्या. मी आजच मोजल्या.

फाईलमध्ये नेहमीची चिठ्ठी होती: 'या प्रकरणातील जागेशी वा व्यक्तींशी माझा कोणताही संबंध नाही.' हाताळणाऱ्याने सही करायची. संबंध असेल तर फाईल साहेबांकडे परत. साहेब ती शेजारच्या टेबलावर देणार, आणि शेजारच्या टेबलावर आहे ठप्पा! अख्खं ऑफिस त्याला याच नावाने ओळखतं. कागद वाचायचा नाही, ठप्पा मारायचा. आठवड्यात मोकळा होईल.

सही केली. बावीस वर्षांत पहिल्यांदा खोटी सही. धाकट्याला काही बोलले नाही. जेवताना त्याच्या हातांकडेच बघत होते.

३० सप्टेंबर, सोमवार

आज चाकवाल्याला जागेवर पाठवलं. चाकवाला म्हणजे आमचा निरीक्षक. काठीला लावलेलं एक चाक ढकलत हिंडतो आणि अंतर मोजतो. शाळा, रुग्णालय, प्रार्थनास्थळ शंभर मीटरच्या आत असेल तर अर्ज तिथेच बाद. माझी सगळी भिस्त शाळेवर होती.

परत आला. एकशे त्रेचाळीस!

मी म्हटलं, मागच्या फाटकापासून मोजा ना. म्हणाला, "मागचं फाटक दहा वर्षं बंद आहे, बाई. त्याच्या मधोमध झाड उगवलंय." मग मी दवाखान्याचं काढलं. तो दातांचा. रुग्णालयात बसत नाही. चाकवाला माझ्याकडे टकामका बघायला लागला तेव्हा गप्प बसले.

नियमावली पुन्हा सगळी चाळली. शाळा आहे, रुग्णालय आहे, प्रार्थनास्थळ आहे. भाऊ नाही.

१ ऑक्टोबर, मंगळवार

अर्जदार आला. साठीचा, किरकोळ बांध्याचा. सगळे कागद कापडी पिशवीत, वर रबरबँड, त्याच्यावर आणखी एक रबरबँड. पंचवीस वर्षं वह्या-पेन्सिलींचं दुकान चालवलं म्हणे, दुसऱ्या भागात. आता मुलं लिहीतच नाहीत! "मी स्वतः थेंब घेत नाही हो मॅडम, वास आला तरी मळमळतं." मला इतका राग आला! स्वतः घेत नाही आणि विकणार! पण तो अगदी निरागसपणे सांगत होता. माझं घर त्याच गाळ्याच्या वर आहे हे त्याला माहीत नाही. मी सकाळी निघते तेव्हा गाळा बंद असतो.

त्याला पिवळी सूचना दिली. नियम समजावला. सूचना आजपासून अठ्ठावीस दिवस रस्त्यावरून वाचता येईल अशी लावायची. तेवढ्या दिवसांत कुणालाही लेखी हरकत घेता येते. हरकत आली नाही तर अर्ज नोव्हेंबरच्या बैठकीत मंजूर. नव्या दुकानांसाठी वर्षातून ती एकच बैठक. सूचनेत चूक निघाली तर अठ्ठावीस दिवस पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे बैठक हुकली, म्हणजे वर्ष गेलं.

त्याने सगळं पिशवीच्या मागे लिहून घेतलं. पेन्सिलीने. "चूक होऊ द्यायची नाही, मॅडम."

आणि संध्याकाळी घरी येते तर काय! गाळ्याचं दार सताड उघडं. आत दोन सुतार ठोकठोक करतायत. पिवळा कागद कुठेच दिसेना. मला वाटलं लावलाच नाही. मग लक्षात आलं. शहाण्याने तो दारालाच चिकटवलाय, बाहेरच्या अंगाने. दार उघडतं बाहेर, आणि पूर्ण उघडलं की मागे भिंतीला जाऊन टेकतं. म्हणजे दिवसभर दार उघडं आणि सूचना भिंतीकडे तोंड करून! रात्री दार बंद झाल्यावर दिसणार, तेव्हा वाचायला कोण येतंय?

मी आजूबाजूला पाहिलं. दार थोडं पुढे ओढलं. वाचलं. तारीख, शिक्का, माझीच सही. मग दार परत ढकललं, भिंतीला टेकेपर्यंत. खुंटीही लावली.

बस्स. एवढंच केलं. चूक त्याची आहे, मी फक्त ती तशीच राहू दिली. अठ्ठावीस दिवस गप्प राहायचं आणि शेवटच्या पाहणीत दाखवून द्यायचं. एक वर्ष मिळेल. वर्षभरात आम्ही दुसरीकडे जागा बघू, काहीतरी करू.



२ ऑक्टोबर, बुधवार

आजपासून मागच्या जिन्याने. पिशवीवाल्याने मला तिथे पाहिलं तर सगळंच संपलं. मागचा बोळ अंधारा आहे, पायऱ्या ओल्या असतात. असू देत.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काही नाही. फाईल खणात, खणाला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. दिवसातून चार वेळा पर्स चाचपते.

६ ऑक्टोबर, रविवार

धाकट्याने विचारलं, "ताई, हल्ली खिडकीतून दिसत नाहीस. मागच्या जिन्याने का येतेस?"

"जवळ पडतं."

"जवळ? उलट वळसा पडतो की!"

मी म्हटलं, तेवढंच चालणं होतं. हसला. पुन्हा भिंग लावलं. मग खाली बघतच म्हणाला, "खालचा गाळा गेला वाटतं. काय निघणार आहे गं तिथे? तुमच्याकडेच येत असतील ना असले कागद?"

"किती विभाग आहेत! मला काय माहीत?" असं म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. नळ सोडला आणि नुसतीच उभी राहिले.

त्याला कळलं नसेल. कसं कळणार? कागद भिंतीकडे आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

पिशवीवाला आला. उगाचच. "सहज डोकावलो, मॅडम. सगळं बरोबर आहे ना आपलं?"

आपलं!

"हो. व्यवस्थित आहे." तोंड वर करून म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. बाजूला ठप्पा वेफर खात होता, त्याचं लक्ष नव्हतं.

जाताना टेबलावर एक पेन्सिल ठेवून गेला. जुन्या मालातली, निळी, टोकाला खोडरबर. अर्जदाराकडून काडीसुद्धा घ्यायची नाही असा नियम आहे. परत द्यायला दारापर्यंत धावले तर हा जिना उतरून गायब. आता तिचं काय करू? फेकवत नाही. फाईलमध्ये ठेवली तर नोंद करावी लागेल. पर्समध्ये टाकली, किल्लीशेजारी.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

झोप नाही. अकरा दिवस झाले. अजून सतरा.

१३ ऑक्टोबर, रविवार

मावशीकडे गेले होते. साडेसातला परत आले तर धाकटा घरात नाही! टेबलावरचा दिवा चालू, भिंग उपडं पडलेलं. एक घड्याळ पोट उघडून तसंच टाकलेलं. तो घड्याळ उघडं टाकून कधी उठत नाही. कधीच नाही. म्हणजे उठायचा तेव्हा चार वर्षांपूर्वी.

आधी न्हाणीघरात पाहिलं, मग गच्चीवर. मग खिडकीशी बसले आणि घड्याळाकडे बघत राहिले. अकरा मिनिटं जायला, अकरा यायला. बावीस झाली, तीस झाली. भिंतीवरची सगळी घड्याळं टिकटिकत होती आणि मला वाटत होतं की एकेक काढून खाली आपटावं.

आठला आला. मी दार उघडलं आणि तो घरात यायच्या आत मला वास आला. उग्र, नाकात जाणारा. दाराला धरून उभी राहिले.

तो थांबला. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग दोन्ही हात पुढे केले, लहानपणी हात धुतलेत की नाही ते दाखवायचा तसे.

"हुंग," म्हणाला.

"अरे, मी कुठे..."

"हुंग ना. त्याशिवाय तुला जेवण जाणार नाही."

मी हुंगले. लाज सोडून हुंगले. थिनर होतं. नखांत पांढरा रंग. "खाली फळ्यांना रंग देतायत. सुतार गेला पळून. म्हातारा एकटाच शिडीवर चढला होता, मला बघवेना." मग टॉवेल घेत म्हणाला, "भला माणूस आहे. कसलं दुकान काढतोय गं?"

"किराणा असेल," मी म्हटलं.

"बरं," म्हणाला.

किराणा! हे कुठून सुचलं मला? जेवलो. त्याने भांडी घासली. मी खोलीत येऊन रडले. तो प्यायला नव्हता म्हणून रडले, त्याने हात पुढे केले म्हणून रडले, आणि मी खोटं बोलले म्हणूनही. यातलं कशाचं किती, ते मला सांगता येणार नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

म्हणजे तो खाली जातो. समोरच्या दारानेच जात असणार. पण दार उघडंच असतं, मग कागद दिसायचा नाही. म्हाताऱ्याने काही सांगितलं असेल का? सांगितलं असतं तर याने मला कशाला विचारलं असतं? नाही. नसेल सांगितलं. अर्जदार लोक परवाना हातात पडेपर्यंत बोलत नाहीत, नाट लागते म्हणतात.

दिवसभर हेच उगाळत बसले. एका हॉटेलच्या परवान्याच्या नूतनीकरणावर दोन वर्षं मागची तारीख टाकली. साहेब म्हणाले, "बाई, तब्येत बरी आहे ना?"

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आज धाबं दणाणलं. साहेबांनी परिपत्रक फिरवलं की सर्व कर्मचाऱ्यांनी राहण्याचा सध्याचा पत्ता नव्याने भरून द्यावा. म्हणजे आज माझा पत्ता लेखी साहेबांच्या टेबलावर आणि फाईल माझ्या खणात! तक्ता टेबलाटेबलाने फिरत आला. मी स्वच्छतागृहात गेले आणि परत आले. तक्ता तिथेच. ठप्पा म्हणाला, "भरा की बाई, स्वतःचा पत्ता विसरलात का?"

आमच्या इमारतीला दोन तोंडं आहेत. मागच्या बोळाचं नाव वेगळं, क्रमांकही वेगळा. मी बोळाचा पत्ता लिहिला. म्हटलं तर खोटं नाही. हल्ली येते-जातेच तिकडून.

मग ठप्पा, जो गेली नऊ वर्षं एक कागद वाचत नाही, तो तक्ता पुढे सरकवताना म्हणाला, "ही वाट कुठे निघते हो? मोठ्या रस्त्यालाच ना? तिकडेच तुमचं ते पिवळ्या सूचनेचं..."

"कोणतं?" मी इतक्या जोरात म्हटलं की पलीकडचा शिपाई वळून पाहायला लागला.

"काही नाही, काही नाही. सहज."

सहज काही नसतं. आज या माणसाला वाचता येतं हे कळलं!

१९ ऑक्टोबर, शनिवार

पिशवीवाल्याचा फोन. रंग पूर्ण झाला. एक हात कमी असलेला पुतण्या आहे त्याचा, कुठेच काम मिळेना, त्याला गल्ल्यावर बसवणार. "घरचे म्हणतात, तुमच्या ऑफिसात कुणीतरी देवमाणूस भेटलं."

मी म्हणणार होते. खरंच! जिभेच्या टोकावर आलं होतं. काका, दार जरा बंद करून रस्त्यावरून बघा. एवढं एकच वाक्य. पण नेमका आतल्या खोलीतून धाकट्याचा आवाज आला. गुणगुणत होता. बिघडलेलं घड्याळ चालू झालं की तो गुणगुणतो. चार वर्षांपूर्वी या घरात कुणी गुणगुणत नव्हतं.

"नंतर बोलू," म्हटलं आणि फोन ठेवला.

हे कसलं वागणं आहे? मी बाईच वाईट निघाले की काय!

२१ ऑक्टोबर, सोमवार

जेवताना धाकटा अचानक म्हणाला, "ताई, तुला मला काही सांगायचंय का?"

"काय सांगायचंय?"

"मला काय माहीत? तू सांगशील तर कळेल."

"काही नाही रे. महिनाअखेर आहे, काम फार पडतं."

आज एकवीस तारीख. महिनाअखेर कुठली! त्याने तारखेच्या घड्याळाकडे पाहिलंसुद्धा. मग म्हणाला, "बरं." हे त्याचं 'बरं' मला अलीकडे सहन होत नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

स्वप्नात दार बंद करत होते आणि ते बंद होत नव्हतं. पुन्हा पुन्हा तेच.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

काय लिहू? कुठून सुरू करू?

आज शेवटची पाहणी होती. नकाशा पडताळायचाय असं सांगून मीही चाकवाल्याबरोबर गेले. पिशवीवाला मला ऑफिसातली बाई म्हणूनच ओळखतो, कुणी पाहिलं तरी हरकत नव्हती. तक्त्यात रकाना असतो, 'सूचना रस्त्यावरून दिसत होती काय?' तिथे 'नाही' लिहायचं मी रस्ताभर घोकत होते. कारणही तयार होतं — दार दिवसभर उघडे, सूचना भिंतीच्या बाजूस.

तीन आठवड्यांनी समोरच्या बाजूने आले. दार उघडंच होतं, भिंतीला टेकलेलं. आणि शेजारी, नव्या काचेवर, बरोबर माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, पिवळा कागद! चारही कोपरे टेपने दाबलेले, कसा सरळ, पट्टी लावून लावल्यासारखा.

चाकवाला म्हणाला, "वा! असं पाहिजे. लोक कुठेही डकवतात."

पिशवीवाल्याला कुणीतरी कौतुक करायचीच खोटी होती. "अहो, मी वेंधळ्याने दाराला लावली होती! पहिल्याच दिवशी. ते वरचे घड्याळजी आहेत ना, ते संध्याकाळी धावत खाली आले. म्हणाले, काका, तुमचा कागद भिंत वाचतेय. तेवढ्यावरून अर्ज बाद होईल. स्वतः काढून काचेला लावला. त्यांची बहीण तुमच्याच ऑफिसात आहे म्हणे, नियमाला फार कडक. आणि हे बघा." पिशवीतून फोटो काढले. रोजचा एक. रोज सकाळी दहाला काचेवरची सूचना आणि तिच्याशेजारी टांगलेलं एक घड्याळ, वेळ दिसेल असं. चोवीस फोटो. "हेही त्यांचंच डोकं. म्हणाले, पुरावा असलेला बरा, कुणी काही म्हणायला नको."

पहिल्याच दिवशी. संध्याकाळी. धावत.

मी वर पाहिलं. खिडकीत धाकटा होता. भिंग कपाळावर चढवलेलं. त्या खिडकीतून ते दार पूर्ण दिसतं, खुंटीसकट. मला बावीस वर्षांत... नाही, या घरात आल्यापासून कधी सुचलं नाही की तिथून काय काय दिसतं. त्याने हात वगैरे केला नाही. मीही नाही. मी खाली बघून रकान्यात 'होय' लिहिलं.

त्याने मला दार ढकलताना पाहिलं. पाहिल्यावर तो खाली गेला. आणि मग तीन आठवडे माझ्यासमोर बसून जेवला! दारूचं दुकान निघतंय हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी 'किराणा' म्हटलं तेव्हाही. 'बरं' म्हणाला तेव्हाही.

आज जेवताना त्याने मला वाढलं. माझी मान वर होत नव्हती.

२६ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी उठल्यापासून एकच विचार. हरकत. अजून दोन दिवस आहेत. एकही आलेली नाही. कोणीही घेऊ शकतं, मी सोडून. निनावी चालत नाही, नाव-पत्ता लागतो. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या नावाने लिहिलं. डाव्या हाताने. त्याच निळ्या पेन्सिलीने! चार ओळी झाल्यावर काय करतेय ते दिसलं. फाडलं. तुकडे मोरीत टाकले तर ते तरंगत राहिले, मग हात घालून गोळा केले.

भीती अजून तशीच आहे. लाज वाटली म्हणून भीती कमी होत नाही, हे एक नवीनच कळलं. दुकान उघडेल, काचेत बाटल्या लागतील, आणि तो रोज सतरा पायऱ्या उतरून त्यांच्यासमोरून जाईल, दूध आणायला, घड्याळाचे सेल आणायला. एखाद्या दिवशी कुणाचं तरी घड्याळ दुरुस्त होणार नाही. एखाद्या दिवशी मी घरात नसेन.

२७ ऑक्टोबर, रविवार

उद्या संध्याकाळी सांगते त्याला. सगळं. चिठ्ठीवरच्या सहीपासून. आज सांगणार होते, पण तो दिवसभर काहीतरी लिहीत बसला होता. लिहायचा, वाचायचा, फाडायचा. त्याला लिहायची सवय नाही. मी विचारलं, काय रे? म्हणाला, "गिऱ्हाइकाला पत्र."

शर्टाला इस्त्री केली त्याने. उद्या कुठे जाणार आहे कोण जाणे.

२८ ऑक्टोबर, सोमवार

पाचला दहा कमी. ऑफिसात अर्ज घेण्याच्या खिडकीपाशी शेवटचा माणूस. इस्त्रीचा शर्ट. कागद आत सरकवला आणि म्हणाला, "हरकत आहे, मॅडम. पोच द्या."

'मी सदर गाळ्याच्या वर राहतो. घड्याळे दुरुस्त करतो. दारू सोडून मला चार वर्षे तीन महिने झाले. दुकानाला माझी हरकत नाही. हरकत एवढीच की ही फाईल हाताळणाऱ्या बाई माझी सख्खी बहीण आहेत. फाईल त्यांच्याकडून काढून घ्यावी. माझ्या काळजीपोटी त्यांच्या हातून एका भल्या माणसाचे वाईट होईल. तसे झाले तर मला अकरा मिनिटे पुरणार नाहीत.'

आवकचा शिक्का मारला. तारीख उमटली नाही. पुन्हा मारला. पोच दिली.

त्याने ती खिशात ठेवली. "समोरच्या रस्त्यावर थांबतो, ताई," म्हणाला. "बरोबर जाऊ. पुढच्या दाराने."

फाईल घेतली, खणाची किल्ली घेतली, आणि साहेबांच्या खोलीचं दार वाजवलं.